मागच्या दारातल्या मोठ्या बाई

आग लागली आणि कात्री सापडेना. म्हणजे आग खोटी होती. कात्री मात्र खरोखरच हरवली होती आणि तिच्यावाचून अख्खी शाळा जिन्यात अडकली होती. हा पराक्रम माझा.

घाटकोपरच्या आमच्या पालिकेच्या शाळेला दोन जिने. मागचा जिना मोडक्या बाकांनी आणि स्नेहसंमेलनाच्या फाटक्या पडद्यांनी इतका भरलेला, की तिथे जिना आहे हे नव्या शिक्षकांना सांगावं लागे. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आल्या आल्या तो रिकामा करून घेतला आणि आग लागली तर बाहेर कसं पडायचं याची तालीम ठरवली. मी पालकांच्या समितीवर. एवढं चांगलं काम, आणि उद्घाटन नाही? मी लाल फीत आणली आणि जिन्याच्या पायथ्याशी ताणून बांधली. पाहुण्यांना उशीर झाला. बाईंनी त्यांची वाट न बघता घंटा दिली. मुलं शिस्तीत उतरली आणि फितीपाशी थांबली. फीत पाहुण्यांनी कापायची असते, हे आपल्याकडे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मागून रेटा, पुढे फीत, आणि मी खिसे चाचपत "कात्री, कात्री" करतोय! बाई आल्या, त्यांनी फीत दातांनी तोडली आणि तोंडातला धागा काढत मला म्हणाल्या, "समितीवाले, तुमच्या उद्घाटनात अख्खी चौथी जळाली."

चौथीत माझी मुक्ता होती. तीही माझ्याकडे रागानेच बघत होती.

मोठ्या बाई उंचीने मुलांत मिसळून जातील एवढ्याच. मरोळच्या गावठाणातल्या, घर ख्रिस्ती आणि पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारं. रागावल्या की शाळेची मराठी बाजूला राही आणि घरची बोली बाहेर पडे. ती आम्हाला निम्मी कळे, पण अर्थ पुरता पोचे. कुठेही गेल्या की आधी बाहेर पडायची वाट शोधायच्या. गणपतीला आमच्याकडे आल्या, आरास बघितली, मोदक खाल्ला, तिखट आहे का विचारून चिवडा घेतला. मला वाटलं, आता मखराचं कौतुक करणार. मखर मी स्वतः केलं होतं. बाई म्हणाल्या, "छान आहे. पण दारातलं चपलांचं कपाट हलवा. घाईत निघालात तर पहिले तुम्हीच आपटाल." "तुम्हीच" हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून म्हटला. आमच्या सौभाग्यवतीला तो फार आवडला.

पण याच सौभाग्यवतीचं आणि बाईंचं एकदा चांगलंच वाजलं. मागचा जिना जिथे उतरतो तिथलं दार गल्लीत उघडतं. त्याला वर्षानुवर्षं कुलूप, तालमीपुरतं तेवढं काढलेलं. बाईंचं म्हणणं, शाळा भरलेली असताना ते उघडंच हवं. पालकसभेत ही उभी राहिली. "बाई, त्या गल्लीत कोण बसतं, काय पितं, माहितीये ना तुम्हाला? आग लागेल तेव्हा लागेल. तो माणूस रोज असतो तिथे. माझी मुलगी आहे या शाळेत."

सगळ्या आया "बरोबर, बरोबर" करू लागल्या. कुणीतरी आतून कडीचा तोडगा काढला.

"कडी वर लावली तर लहानांचा हात पुरत नाही," बाई म्हणाल्या, "आणि खाली लावली तर मधल्या सुट्टीत सगळे बाहेर." मग हिच्याकडे बघून म्हणाल्या, "पण तुमचंही खोटं नाही."

मला वाटलं, झालं, विषय मिटला. दुसऱ्या दिवशी मुक्ताला सोडायला गेलो तर बाईंचं ऑफिस मागच्या जिन्याखाली! टेबल, फायली, टेबलफॅन, बसायची उशी, सगळं. दार सताड उघडं आणि दारात बाई. गल्लीतला तो माणूस समोरच्या कठड्यावर अवघडून बसला होता. आठवड्याभरात त्याने जागा बदलली.

"अहो बाई, मुख्याध्यापिका जिन्याखाली बसतात का?" मी म्हटलं.

"आमच्या गावठाणात घराची दारं दिवसभर उघडी असायची," त्या म्हणाल्या. "चोर येत नसत, कारण ओटीवर आई असायची. दार उघडं ठेवायचं, तर दारात माणूस बसायला पाहिजे ना?"

आधी विभागातल्या इतर शाळांचे मुख्याध्यापक हसले. एकाने चहा पिताना विचारलं, "बाई, ही तुमची बदली की बढती?" बाई म्हणाल्या, "वारा चांगला लागतो. तुम्ही पण या खाली." मग कुतूहलाने एकेक जण बघून गेला. कुणी आपल्या मागच्या दारात शिपाई बसवला, कुणी शिवणाचा वर्ग तिथे हलवला, एका शाळेत तर नातवंडांना सोडायला येणाऱ्या आज्यांनीच ती जागा धरली. वरून आदेश वगैरे काही नाही. एकाचं बघून दुसऱ्याने केलं, एवढंच.

आणि मग एका सकाळी ऑफिसात माझ्या फोनवर पालकांच्या ग्रुपचा मेसेज आला: शाळेत आग. रिक्षात मी काय काय देव आठवले ते सांगत नाही. पोचलो तर पुढच्या जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतून काळा धूर भसाभस वर चढत होता. तो जिना वरपर्यंत दिसतच नव्हता. आणि मैदानात मुलं वर्गवार रांगेत बसलेली. सगळी मागच्या जिन्याने, बाईंच्या टेबलाला वळसा घालून उतरलेली. कुणाला खरचटलंही नव्हतं. मुक्ता मला बघून हसली. मी तिचा हात धरायला धावलो, तर बाई आडव्या आल्या.

"मागे व्हा."

"बाई, माझी मुलगी आहे!"

"माहितीये मला. तिच्या वर्गाची हजेरी व्हायचीय. तुम्ही एक नेलीत, की मी तिला वर शोधत बसेन."

मी मागे झालो. हजेरी पुरी झाल्यावर बाईंनीच मुक्ताला माझ्याकडे आणलं. मी आभार मानायला तोंड उघडलं आणि तिथेच रडायला लागलो, चौथीच्या वर्गासमोर. बाई म्हणाल्या, "रडा, पण बाजूला उभं राहून. बंबाला वाट द्या." त्या दिवशी संध्याकाळी आमची ही एकटीच मरोळला जाऊन आली. तिथे दोघी काय बोलल्या, ते मला अजून कळलेलं नाही.

या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात नवे मुख्याध्यापक बोलले. माणूस भला. बाईंचं मनापासून कौतुक करून ते म्हणाले, "पण मला जिन्याखाली बसून काम जमणार नाही. शिपाई एकच, तो पुढच्या फाटकाला. माणूस मिळेपर्यंत मागच्या दाराला कुलूप लावावं लागेल." सभागृहात चुळबूळ झाली, पण कुणी बोललं नाही. मीही नाही, मी समितीवर असूनसुद्धा सामोशाकडे बघत राहिलो. बाईंनी नारळ आणि शाल घेतली, खाली जाऊन आपली उशी काखोटीला मारली आणि रिक्षाने मरोळला गेल्या. मुख्याध्यापकांना त्यांनी एका शब्दाने टोकलं नाही. खुर्ची आता बाईंची नव्हती.

घरी आल्यावर ही कामाला लागली. भाजी निवडून झाली, मुक्ताचा अभ्यास झाला, पानं वाढून झाली. मग माझ्या ताटात पोळी टाकत म्हणाली, "उद्यापासून तुमचा डबा तुम्हीच भरा. मी सकाळी दारात बसायला जाणार आहे."