एका घुंगरासाठी तीन अ‍ॅम्प्लिफायर

आमचे मालक बहिरे होते, हे त्यांना सोडून सगळ्या पेठेला माहीत होतं.

मालक म्हणजे माझे यजमान. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

सून म्हणाली, "आई, फेसबुकवर चांगलं चांगलं लिहा." चांगलंच लिहिते. चौथी शिकलेली बाई आहे, चुकलं तर पोटात घाला.

चादरी-टॉवेलचा कारखाना आमचा. उभी हयात मागांच्या खडखडाटात गेली, तिथंच कान गेले. जाड आवाज ऐकू यायचा, बारीक नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवलं तर डाळ जळायची.

पण कबूल कोण करणार?

"अगं, मागावरचा धोटा वाकडा पळाला तर मी रस्त्यावरनं सांगतो! माती तुज्या कानात हाय."

आणि माझ्या आवाजाला म्हणायचे, तेल न घातलेला माग. पाव्हण्यांसमोर. माझ्या हातचं जेवता जेवता.

कारखाना पोराच्या हातात दिला आणि ह्यांना स्टिरिओचा नाद लागला. पुण्याहून दोन स्पीकर आले, माझ्या खांद्याला लागतील एवढे. ते दिवाणखान्यात बसले आणि माझा टीव्ही फ्रिजवर गेला. मान अजून दुखते.

भिंतीवर आवाज आपटतो म्हणे. मग भिंतीभर आपल्याच चादरी टांगल्या. शेजारीण दारातनं विचारायची, "काकू, डबल बेडची केवड्याला?"

नुसता स्पीकर मुका असतो. त्याला बोलता करायला अ‍ॅम्प्लिफायर लागतो. आणि तिथं आमचं घोडं अडलं.

पहिला आणला तो छोटा, डोक्यावर काचेचे दिवे असलेला. दिवे पेटले की देव्हाऱ्यासारखा दिसायचा. दुकानदार म्हणाला, "काका, तुमचे स्पीकर थोड्या पॉवरवर पण मोकळे बोलतात. ह्यांना हाच शोभतो."

मालकांनी त्यांची लावणीची जुनी रेकॉर्ड लावली. तिच्यात मागं घुंगरं वाजतात. तरुणपणी ऐकलेली ती घुंगरं त्यांना परत ऐकायची होती. एवढाच हट्ट.

"न्हाय. घुंगरं न्हाईत ह्यात. परत न्या."

मी लसूण सोलत होते. मला घुंगरं ऐकू येत होती की. पण माझ्या कानात माती ना? पाकळ्या सोलत राहिले.

दुसरा आला तो दोघांनी उचलून आणला, भट्टीसारखा तापायचा. त्यात पण घुंगरं नाहीत. परत.

मी एकदाच म्हटलं, "अहो, एकदा कान दावून या की."

"तू तोंड दावून ये."

बरं.

तिसरा यायचा होता तेव्हा त्यांनी मित्र बोलावले, बहीण बोलावली. पोह्यांची परात मी केली.

आता एक सांगते. त्या स्पीकरच्या मागं पितळेच्या दोन-दोन पट्ट्या होत्या. वायर खाली जोडायची, आणि पट्टीतनं बारीक आवाज वरच्या छोट्या स्पीकरला जायचा. हे दुकानदारानंच पहिल्या दिवशी सांगितलेलं. मागची धूळ पुसायचं काम कुणाचं? माझं.

पुसता पुसता चारी पट्ट्या काढल्या आणि पदरात बांधल्या.

दुकानदारानं तिसरा अ‍ॅम्प आणून चालू केला. आवाज असा, जसा रजईतनं माणूस बोलतोय. दुकानदार दचकून मागं बघायला निघाला. मी डोळे वटारले. शहाणा माणूस, बसला खाली.

मालक डोळे मिटून ऐकत होते. मग मांडीवर थाप मारली.

"आली! घुंगरं आली! ऐकलं का? हाच ठिवायचा!"

मित्र एकमेकांची तोंडं बघायला लागले.

मी चहा आणला. मालकांच्या बशीत चारी पट्ट्या ठेवल्या.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, हे काय गं?"

"तुमच्या भावाची घुंगरं हायत, वन्सं."

दुकानदार आधी हसला. मग सगळेच हसले. वन्संना तर ठसका लागला. मी पण हसले, खोटं कशाला बोलू? लग्नात हसले नव्हते तेवढी हसले.

मालकांनी पट्ट्या बाजूला सारल्या आणि चहा प्याले. कुणाकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कानाच्या डॉक्टरकडं जायाचं. रिक्षा सांग."

दोन्ही कानांत मशीन बसलं. शेंगदाण्याएवढं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हा पण अ‍ॅम्प्लिफायरच." तिसरा अ‍ॅम्प परत गेला, पहिला दिव्यांचा मागवला. पट्ट्या मीच बसवल्या.

रेकॉर्ड लावली. घुंगरं वाजली.

मालकांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. एवढा कडक माणूस, लेकरागत रडला. मला वाटलं, आता तरी माझ्याकडं बघतील. मी म्हटलं, "अहो, चहा टाकू का?"

त्यांनी दोन्ही मशीन काढली, डबीत ठेवली, झाकण लावलं.

"गाण्यापुरतंच बरं हाय हे," म्हणाले.

तेव्हापासून तोच नियम. रेकॉर्ड चालू, मशीन कानात. मी तोंड उघडलं, मशीन डबीत. डबीचं झाकण टक वाजायचं. ते मला बरोबर ऐकू यायचं.

गेले त्या दिवशी आंघोळ घातली, तोंडात तुळशीचं पान ठेवलं. पोरगा कानात कापसाचे बोळे घालायला वाकला.

मी म्हटलं, "थांब."

डबी आणली. दोन्ही मशीन माझ्या हातानं कानांत बसवली. बटण दाबलं. पोरगा म्हणाला, "आई, लोक बघतायत." म्हटलं, बघू दे की.

मग कानापाशी बसले आणि लग्नापासनं जे जे बोलायचं होतं ते बोलले. सावकाश. माझ्याच आवाजात. बाहेर तिरडी बांधून खोळंबली होती.

मालकांनी मधनं मशीन काढलं नाही.

मालक, आज तुमचा दिव्यांचा अ‍ॅम्प पेटवलाय. घुंगरं स्वच्छ येतायत. फ्रिजवरचा टीव्ही खाली आणलाय, त्याची वायर पण तुमच्याच स्पीकरला जोडून घेतलीय. माझ्या मालिकेतली सासू आता तुमच्या घुंगरांपेक्षा मोठ्यानं ओरडते.

तेल न घातलेल्या मागाकडून तुम्हाला भावपूर्ण श्रद्धांजली, मालक. ऐकू आली असंल तर मान हलवा.