वाफेवरचं पोतं

"वाफ म्हंजे लक्ष्मी जी. तिले दाराबाहेर कायले जाऊ द्याचं?"

असं म्हणून माझा भट्टीवाला म्हातारा चहाच्या कपावर पंजा ठेवायचा. घोट घेण्यापुरता पंजा उचलायचा, की परत झाकण. वरणाच्या गंजावर झाकणी आणि झाकणीवर वरवंटा. थंडीच्या सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली की दुपट्टा नाकापर्यंत ओढून घ्यायचा. माझ्या लाँड्रीत धुवायला येणाऱ्या बाया हसायच्या, "बुढा आपला श्वासई वापस गिळते वो!" त्यालाही हसू यायचं, पण दुपट्टा खाली येत नसे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एक गोष्ट आयुष्यभर नीट केलेली असते आणि मग जगातली प्रत्येक गोष्ट तशीच करायची असते. याचं आयुष्य तिरोड्याकडे एका राईस मिलच्या उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या, भट्टीवर गेलं होतं. भिजवलेलं धान मोठ्या भांड्यात भरायचं, खाली भुशाचा जाळ घालायचा, तोंडावर ओलं पोतं बांधून कडा चिखलानं लिंपायच्या. वाफ आत कोंडली तरच दाणा शिजतो. भांड्याला कान लावून तो सांगत असे, "आता फुटला." पुढे त्या मिलमध्ये नवा बॉयलर आला आणि याच्या कानाची गरज संपली.

तो माझ्याकडे आला तेव्हा मी गोंदियात नवा नवा सेठ झालो होतो. त्याआधी स्टेशनाबाहेर कडुलिंबाखाली टेबल टाकून इस्त्री केली होती. स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं होती. नागपूरच्या मोडीच्या बाजारात लष्करानं काढून टाकलेलं सामान यायचं, त्यात मला कपडे वाळवायचं मशीन दिसलं. आडवं लोखंडी पिंप, त्याच्या पोटात भोकाभोकांचं दुसरं फिरतं पिंप, खाली भट्टी. पंखा गरम हवा आत ढकलायचा आणि मागच्या नळकांड्यातून ती बाहेर पडायची. व्यापाऱ्यानं माझ्यासमोर ओला टॉवेल आत टाकला आणि पापडासारखा कडक करून हातात दिला. मी केशोरी गावची वडिलांची बांधी, धानाचं शेत, विकून ते मशीन आणलं. वडील एवढंच बोलले, "धान पिकवनारी बांधी देऊन डब्बा आनला." त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

मशीनच्या भरवशावर मी बाळंतिणींच्या दवाखान्याच्या चादरींचं काम धरलं. ऐन पावसाळ्यातही कोरड्या चादरी देईन, असा शब्द दिला. भट्टीला माणूस हवा होता. याला जाळ कळत होता. रोजीची बोलणी सुरू झाली, तर हा म्हणाला, "रोजी तुमी म्हनान ते. मले फक्त जुने पोते देत जा."

मी भाजीच्या जुडीवरही घासाघीस करणारा माणूस. पोती कशाला, हे मी विचारलंच नाही. अंथरायला लागत असतील, असं धरून चाललो. एवढा स्वस्त सौदा मी आजवर केला नव्हता. घरी जाऊन बायकोला सांगितलासुद्धा.

मृग लागला आणि माझे हाल सुरू झाले. पिंपातून कपडे निघायचे ते गरम, पण ओले. हाताला चटका बसायचा आणि वर ओल लागायची. तासभर फिरवा, दुपारभर फिरवा, तीच गत. मिस्त्री आला, पट्टा ढिला आहे म्हणाला. पट्ट्याला राळ लावली. बायांना सांगितलं, चादरी आणखी पिळा. दोघी दोन टोकांना धरून पिळायच्या, अगदी दंड दुखेपर्यंत. निम्माच माल भरून पाहिला. भुसा दमट असेल म्हणून मोहाचं वाळलं लाकूड जाळलं. पिंप लालबुंद झालं, चादरी मात्र उकडलेल्या पानासारख्या लोळागोळा होऊन बाहेर आल्या.

"मामाजी, काऊन सुकत नाई हे?" मी ओरडायचो.

"वाफ कमी पडून राहिली, सेठ," तो गंभीरपणे म्हणायचा. "पाहातो म्या."

आणि पाऊस जरा थांबला की शिडी लावून छपरावर चढायचा. मला वाटायचं, छप्पर गळू नये म्हणून कवेलू फेरतोय. कौतुक वाटायचं. एवढ्या वयात, न सांगता.

दवाखान्याच्या मेट्रनबाई चादर गालाला लावून पाहायच्या. पहिल्यांदा त्यांनी गठ्ठा परत केला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "ह्यावर मी ओल्या बाळंतिणीला निजवू? तुमच्या घरची असती तर निजवली असती?" तिसऱ्यांदा आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "येत्या सोमवारी कोरड्या आल्या तर ठीक. नाहीतर काम दुसऱ्याला." ते काम गेलं असतं तर लाँड्री गेली असती, आणि मी केशोरीला जाऊन आपल्याच विकलेल्या बांधीत दुसऱ्याच्या धानाचं रोवणं लावलं असतं.

मी नागपूर गाठलं आणि व्यापाऱ्याच्या दुकानात उभा राहून त्याच्या सात पिढ्या काढल्या. दाखवलं एक आणि दिलं दुसरं, असा माझा आरोप होता. तो पान लावत शांतपणे म्हणाला, "सेठजी, अंदर गरम जाता है ना? तो बाहर क्या आता है, वो देखो."

"बाहर मेरी जान आती है!" मी म्हणालो आणि पायऱ्या उतरलो. त्याचं म्हणणं तेव्हा मला थट्टा वाटलं.

परत आलो तर म्हातारा पिंपाजवळ बसलेला. भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं. एक चादर त्यानं दोन्ही हातांनी भट्टीच्या तोंडासमोर धरली होती. हात तापून लाल झाले होते. "एक तं सुकली, सेठ," तो म्हणाला. दिवसभरात एक.

मी ठरवलं, डब्बा भंगारात घालायचा. भंगारवाल्यानं आधी नळकांडं मोकळं करायला सांगितलं. सोमवार दुसऱ्या दिवशी होता. पाऊस रिमझिमत होता. शेजारच्या गोदामाच्या भिंतीकडे, छपराच्या मागच्या उतारावर ते नळकांडं निघालेलं होतं. खालून दिसायचं नाही. खाली म्हाताऱ्यानं मशीन चालूच ठेवलं होतं. मी पहिल्यांदाच तिथे चढलो.

नळकांड्याच्या तोंडावर पोतं होतं. त्यावर दुसरं. त्यावर तिसरं. काथ्यानं आवळून बांधलेलं, कडा चिखलानं सुबक लिंपलेल्या, बोटांचे ठसे उमटलेले. मी हात लावला. पोतं आजारी लेकराच्या कपाळासारखं तापलं होतं.

"मामाजी! हे कोनं केलं?"

तो अंगणात येऊन वर पाहू लागला. चेहऱ्यावर अभिमान होता. "म्याच जी. पयल्या दिवशीच बांधलं. तुमी बोंबलले तसतसं वाढवत गेलो."

मी विळ्यानं काथ्या कापला.

"पोतं काहाडू नका, सेठ! सारी वाफ जाईन!"

भसकन वाफ सुटली. मालगाडीचं इंजिन निघावं तशी, पांढरी, जाड, गोदामाची भिंत झाकून टाकणारी. खाली म्हातारा डोक्याला हात लावून ओरडत होता, "गेली! गेली ना जी सारी!"

मी उतरलो तेव्हा पिंपाचा आवाज बदलला होता. इतके दिवस आतून ओल्या गोळ्याची धपधप यायची. आता फडफड येत होती, कबुतरं उडावीत तशी. त्यानंही ती ऐकली. त्याचा कान अजून तयार होता. त्यानं झाकण उघडलं, एक चादर काढली आणि मेट्रनबाईंसारखी गालाला लावली. बराच वेळ लावून ठेवली.

माझ्या तोंडाला मग लगाम राहिला नाही. "माहा संसार बुडवून राहिला होता तू! मी नागपूरले जाऊन शिव्या देतो, अन् चोर माह्याच छपरावर! अरे, धान शिजवाचं असते, कपडा सुकवाचा असते! एवढं समजत नाई?"

त्यानं वर पाहिलं नाही. चादरीची घडी घालत हळूच विचारलं, "मंग इतके दिवस म्याच वल्लं ठेवून राहिलो का जी? त्या बाळंतिनीयच्या अंगाखाली?"

"मंग कोनं?" मी म्हणालो.

तो परत भट्टीपाशी बसला. संध्याकाळपर्यंत जाळ घालत राहिला. एकामागून एक सगळ्या चादरी कडक वाळून निघाल्या. सोमवारी मेट्रनबाईंनी चादर गालाला लावली, मान हलवली आणि गठ्ठा आत घेतला. काम राहिलं. लाँड्री राहिली.

मी दवाखान्यातून परत आलो तेव्हा भट्टी पेटलेली होती, राख काढलेली होती, आणि तो नव्हता. शिडीजवळ ती तिन्ही पोती पडली होती, चिखल धुऊन, मशीनमध्ये वाळवून, चादरींसारखी घडी घातलेली.

मी तिरोड्याच्या मिलमध्ये विचारून आलो. कोहमाऱ्याला एका ट्रकवाल्यानं असा म्हातारा नवेगावच्या रस्त्यानं जाताना पाहिल्याचं सांगितलं. तिकडेही गेलो. नाही सापडला.

माझा त्याच्यावर राग आहे, आणि तो मी सोडलेला नाही. घासाघीस करताना शेवटचा शब्द मी कायम मुठीत ठेवतो. समोरचा जरा थकला की मग उघडतो. त्या दिवशीही एक चांगला शब्द मुठीत ठेवला होता. पोतं कोणाचंही असो, त्या संध्याकाळपर्यंत सगळ्या चादरी ज्या जाळावर वाळल्या तो जाळ त्याचाच होता. तसा एकसारखा जाळ माझ्या भट्टीवर त्यानंतर कोणी घातला नाही. सोमवारी दवाखान्यातून येऊन हे सांगणार होतो. सौदा अर्धा टाकून कोणी उठून जातं का?

पावसाळ्यात मशीन सुरू झालं की मी अंगणात येऊन वर पाहतो. गोदामाच्या भिंतीवरून वाफ वर चढत असते, दिवसभर, मोकळी. तेव्हा हातातल्या चहावर माझा पंजा आपोआप जातो.