सत्यभामाबाईंचं पाळणाघर

आम्ही नेरूळला राहायला आलो १९९२ साली. तेव्हा अर्ध्याअधिक इमारती रिकाम्या होत्या, रस्त्यांना नावं नव्हती आणि रिक्षावाला मिळाला तर नशीब. बिल्डिंगमधली बहुतेक बिऱ्हाडं आमच्यासारखीच, दादर-परळकडून आलेली. नवराबायको दोघं नोकरीला आणि घरात वडीलधारं कुणी नाही. तळमजल्यावरच्या सत्यभामाबाई आणि त्यांचे यजमान मानसिंगराव तेवढे वेगळे. ते साताऱ्याकडचे, पाटण तालुक्यातले. मानसिंगराव कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी होते. सकाळी लवकर जायचे, संध्याकाळी खांद्यावर टॉवेल टाकून परत यायचे. कुणाशी फारसं बोलत नसत. सत्यभामाबाई दुपारभर दाराच्या पायरीवर बसलेल्या असायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणजे आम्हाला तसं वाटायचं.

माझी ऋता पाच महिन्यांची झाली आणि माझी रजा संपत आली. मी वाशीच्या एका शाळेत शिकवायचे. सासूबाई कुडाळला, सासऱ्यांच्या आजारपणात अडकलेल्या. ऋताला सांभाळणार कोण, हा प्रश्न दिवसरात्र डोक्यात. माझं लक्ष सत्यभामाबाईंकडे गेलं. ऋताला घेऊन मी जिना उतरत असले आणि ती रडली, की त्यांचे हात जागच्या जागी थांबायचे. निवडत असलेली भाजी तशीच हातात राहायची. पण त्या कधी पुढे होऊन तिला घ्यायच्या नाहीत. मला वाटलं, भिडस्त आहेत. एक दिवस मीच विचारलं.

"न्हाई जमायचं, बाई," त्या म्हणाल्या. "दुसरं कुनीतरी बघा." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

सारसोळ्याहून मासे घेऊन येणाऱ्या राजाबाईला मी हे सांगितलं, तर ती टोपली खाली ठेवत म्हणाली, "तिला कशाला इचारलंस गो? तिची पोर गेली नं, तुमी यायच्या आधी."

पोरीचं नाव तेजश्री होतं. दीड वर्षाची होती. जरासा ताप आला, जवळच्या शिरवणे गावातल्या डॉक्टरने औषध दिलं. सकाळभर पोर किरकिरली आणि दुपारी एकदाची झोपली. आईला हायसं वाटलं. तिने पाणी भरलं, धुणं धुतलं. संध्याकाळी उठवायला गेली, तर पोर गार पडलेली होती. ताप मेंदूत गेला होता, कुणालाही कळलं नसतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. पण बाराव्याला गावाहून आलेल्या सासूने भरल्या घरात विचारलं होतं, "लेकरू झोपलंय का गेलंय, एवढं आईला कळू नये?" मानसिंगराव तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

हे ऐकल्यावर त्यांना पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. पण थोड्या दिवसांनी सत्यभामाबाईच आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "बाई, दुसरं कुनी गावलं का?"

"नाही अजून."

"मग आना माझ्याकडं. दिवसभर घर खायला उठतंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "पन मला भ्या वाटतंय. माझ्यानं निभावलं न्हाई तर? दुसऱ्याचं लेकरू हाय."

"काही होत नाही हो," मी म्हणाले. मला शाळेत हजर व्हायचा दिवस दिसत होता.

मानसिंगरावांना हे पसंत नव्हतं. त्यांचं बोलणं जिन्यात ऐकू आलं. "दुसऱ्यांची लेकरं खेळवून तेजू माघारी येनार हाय व्हय?" पण त्यांनी बायकोला अडवलं नाही. मी ऋताला सोडायला जायच्या आधी ते निघून जायचे, आणि संध्याकाळी ऋता वर आल्याची खात्री झाल्याशिवाय घरात पाऊल टाकायचे नाहीत. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसून राहायचे.

सत्यभामाबाईंनी घर लखलखीत केलं. छताच्या हुकाला मऊ लुगड्याची झोळी बांधली. ऋता त्यांच्याकडून यायची ती न्हाऊमाखू घातलेली, पोट भरलेलं, डोळ्यांत काजळ. मी निश्चिंत झाले. पण महिना होता होता पोर चिडचिडी झाली. डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. मी तिला खांद्यावर घेतलं की जिना चढून होईपर्यंत ती गाढ झोपलेली असायची.

"ही दिवसभर झोपत नाही का?" अरविंदने, माझ्या नवऱ्याने, विचारलं.

सत्यभामाबाईंना विचारलं, तर त्या नजर चुकवून म्हणाल्या, "झोपती की. थोडी थोडी."

एका शनिवारी शाळा लवकर सुटली आणि मी दुपारीच आले. त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. ऋता झोळीत झोपली होती. सत्यभामाबाई तिच्यावर वाकल्या होत्या. त्यांनी तिच्या नाकाखाली बोट धरलं. मग झोळी हलवली. मग तिच्या तळपायाला चिमटा काढला. ऋता दचकून उठली, टाहो फोडून रडायला लागली आणि ते रडणं ऐकून त्या बाईचा चेहरा सैल झाला. तिला छातीशी धरून त्या थोपटायला लागल्या. ऋताचे डोळे पुन्हा मिटायला लागले तसं, "ए चिमे, ऊठ, ऊठ की गं," असं म्हणत त्यांनी तिला हलवलं.

"अहो, काय करताय हे?" मी ओरडलेच.

त्या मटकन खाली बसल्या. खोटं बोलल्या नाहीत, सारवासारव केली नाही. "ती झोपली की मला कायबी ऐकू येत न्हाई, बाई. तिचा श्वास बी न्हाई. समदं गप वाटतं. मग मी उठवती. रडली की माझ्या जिवात जीव येतो."

मी काही बोलायच्या आत त्या उठल्या. ऋताची झबली, दुपटी एकेक करून घडी घातली, पिशवीत भरली आणि पिशवी माझ्या हातात दिली. "घेऊन जावा तिला. मला जमलं न्हाई. मी म्हनलंच हुतं तुमाला."

अरविंद म्हणाला, दुसरं कुणी शोधू. तो चुकीचं बोलत नव्हता आणि मी 'हो' म्हणाले. पण त्या झबल्यांच्या घड्या डोळ्यांसमोरून जाईनात. इस्त्री केल्यासारख्या होत्या. निकाल लागायच्या आधीच नापास होऊन बसणारी मुलं मी वर्गात पाहिली होती. पेपर हातात पडला की तीही अशीच शांत होतात.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणं झाल्यावर मी ऋताला घेऊन खाली गेले. मानसिंगराव मला पाहून चपला घालून बाहेर पडले.

"आज हिला झोपवू या," मी म्हणाले. "तुम्ही आणि मी, दोघी बसू."

त्या नको नको म्हणत होत्या. मी ऋताला झोळीत घातलं आणि दोरी त्यांच्या हातात दिली. ऋता दमलेलीच होती, लगेच झोपली. "आता हात लावायचा नाही," मी म्हणाले.

त्या झोळीकडे टक लावून बसल्या. कपाळावर घाम आला. "बाई, हलत न्हाई ती."

"पोट बघा तिचं. नाकाकडे नाही, पोटाकडे बघा."

झबल्याखालचं पोट वर येत होतं, खाली जात होतं. त्यांची नजर तिथे खिळली. मग त्या खालच्या आवाजात बोलायला लागल्या. तेजश्री अंगठा मुठीत धरून झोपायची. तिला झोपताना कानाची पाळी चोळून लागायची. आणि मग म्हणाल्या, "मी गेलते बघाया, बाई. त्या दिवशी. धुनं वाळत घालून आले आन् दारातनंच बघितलं. आत गेले न्हाई. पैंजनाच्या आवाजानं उठंल म्हनून. लई रडली हुती ना सकाळी. म्हनलं, निजू दे."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी. पदराचा बोळा तोंडात कोंबून त्या रडत होत्या, ऋता उठू नये म्हणून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

ऊन खिडकीतून सरकलं. ऋताची झोप पुरी झाली. ती रडली नाही, आळस दिला आणि झोळीच्या कापडाकडे बघत पडून राहिली.

"उठली," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आपली आपन उठली, बाई." हे त्या दोन-तीनदा म्हणाल्या.

भीती त्या दिवशी गेली असं नाही. सोमवारी मी ऋताला पुन्हा त्यांच्याकडे ठेवलं. अरविंदशी त्यावरून माझं भांडण झालं. पुढे कितीतरी दिवस ऋता झोपली की त्या सगळी कामं टाकून झोळीपाशी बसायच्या, हात मांडीखाली दाबून. मग हळूहळू शेजारी बसून भाजी चिरायला लागल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन यायला लागल्या. एकदा मी संध्याकाळी गेले, तर मला म्हणाल्या, "आज ती निजली तवा मी न्हाऊन आले." एखाद्याने परगावी जाऊन आल्याचं सांगावं तसं त्या सांगत होत्या.

ऋताचं पाहून शेजारच्या विंगमधला आशुतोष आला. मग वरद आला, मग आणखी मुलं. सकाळी त्यांच्या दारात आयांची गर्दी व्हायची. लोक पाळणाघर म्हणायचे. त्या मात्र, "माझ्याकडं पोरं असत्यात," एवढंच म्हणायच्या. कुणी पाटी लावा म्हणालं, तर घाबरून 'नको' म्हणाल्या. दृष्ट लागेल अशी भीती त्यांना होती.

१९९५ साली लोखंडाच्या पट्ट्या उचलताना मानसिंगरावांची पाठ गेली. डॉक्टरांनी ओझं उचलायला कायमची मनाई केली. मग ते घरातच पडून राहायला लागले, भिंतीकडे तोंड करून. घर म्हणजे एक खोली नि स्वयंपाकघर. ज्या पोरांना टाळण्यासाठी हा माणूस दोन वर्षं टपरीवर बसत होता, ती पोरं आता दिवसभर त्याच्या उशापायथ्याशी रांगत होती. घर चालत होतं ते त्या पोरांवरच. ते कुणाला रागावले नाहीत. फक्त वळून बघायचे नाहीत.

एक दिवस नुकता चालायला लागलेला वरद तोल जाऊन त्यांच्या पाठीशी टेकला आणि तिथेच, त्यांच्या पाठीला गाल लावून झोपी गेला. पाठ दुखत होती, कूस बदलायची वेळ झाली होती, पण मानसिंगराव हलले नाहीत. सत्यभामाबाई पोराला उचलायला गेल्या, तर त्यांनी हातानेच थांबवलं. मग भिंतीकडे बघतच ते बायकोला म्हणाले, "आई बोलली तवा मी गप बसलो. तुजी काय चूक नव्हती. मला ठाव हुतं."

हे सत्यभामाबाईंनी मला जिन्यात सांगितलं. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? चा ठिवला." त्यांनी कठड्यावरची धूळ पदराने पुसली. "लई उशीर झाला, बाई. तवाच बोलला असता, तर मी त्याच्याजवळ बसून रडले तरी असते. आता रडू बी येत न्हाई."

त्यानंतर मानसिंगराव पोरांना खेळवायला लागले. आया कौतुक करायच्या, आजोबा किती छान सांभाळतात म्हणून. चाळिशीतल्या त्या माणसाला सगळे आजोबा म्हणायचे. केस तेव्हाच सगळे पांढरे झाले होते. त्या दोघांना पुन्हा मूल झालं नाही.

१९९६च्या सुरुवातीला आम्ही ठाण्याला गेलो. ऋता तेव्हा तीन वर्षांची होती. निघताना तिने सत्यभामाबाईंचा पदर धरून भोकाड पसरलं होतं. नंतर तिकडे जाणं झालं ते थेट १९९९ साली, नेरूळमधल्या एका लग्नाच्या निमित्ताने. लग्न आटोपून मी ऋताला घेऊन मुद्दाम जुन्या बिल्डिंगमध्ये गेले.

सत्यभामाबाई दारातच होत्या. त्यांनी मला ओळखलं, मग ऋताकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. ऋता माझ्या मागे लपली.

"अगं, या तुला सांभाळायच्या," मी म्हणाले. "आठवत नाही?"

ऋताने मान हलवली. नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्यभामाबाईंनी हात मागे घेतले आणि पदराला पुसले.

"असू द्या, बाई. लहानपनचं कुनाला आठवतंय? आशुतोष आता दप्तर घिऊन समोरनं जातो. त्यो बी वळखत न्हाई." त्या हसल्या. "माझी तेजू जगली असती, तरी तिला बी ह्ये दिवस आठवलं नसतं. मलाच आठवायचं हुतं त्ये."

त्यांनी चहा केला. ऋताला लाडू दिला. तो तिने खाल्ला. मानसिंगराव आत कुणाला तरी भरवत होते, तिथूनच त्यांनी हात केला. आमच्या गप्पा फार चालल्या नाहीत. मध्येच एखादं पोर उठायचं, एखादं शी करायचं. पोरांच्या आया यायची वेळ झाली होती. त्या आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आल्या. स्टेशनच्या रस्त्याला खड्डे आहेत, हळू घे, असं रिक्षावाल्याला बजावलं आणि रिक्षा सुरू व्हायच्या आधीच वळून लगबगीने घराकडे चालू लागल्या.