काळ्या हेल्मेटच्या आतला आवाज

मयताची सूचना बोलायची असली की मामांचं ठरलेलं: चपला दाराबाहेर काढायच्या, गळ्यातला रुमाल सोडून मांडीवर ठेवायचा, खुर्ची माइकपासून वीतभर मागे ओढायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायचं, "घाई नको, आपरेटर. माणूस गेलाय."

धाराशिवच्या बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानामागे माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. रिक्षावर भोंगा लावून गावभर जाहिराती फिरतात ना, त्यातल्या बऱ्याचशा या खोलीत तयार होतात. साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, उद्या पाणी येणार नाही, आणि मयताच्या सूचना. आवाज असायचा मामांचा. सगळा बाजार त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही. तुम्ही तेव्हा आमच्या गावात एक दिवस जरी काढला असेल, तर त्यांना ऐकलंय हे नक्की. पाहिलं मात्र नसेल.

सेलची जाहिरात ते दोन मिनिटांत उरकत. मयताच्या सूचनेला अर्धा दिवस. आधी त्या घरी जाणार, ओसरीवर बसणार, गेलेला माणूस काय करायचा, कसा बोलायचा, हे विचारून घेणार आणि मग माझ्याकडे येणार. एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, नाव आणि वेळ, एवढंच तर सांगायचंय." त्यावर ते म्हणाले, "वळख न्हाय, त्याचं मयत कसं पुकारू रं?" असल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

अशात मुंबईच्या एका कंपनीचं काम माझ्याकडे आलं. एक जपानी कार्टून मालिका मराठीत करायची होती. अंतराळातली लढाई, टेकडीएवढी यंत्रं, आणि प्रत्येक यंत्राच्या छातीत बसलेला एकेक वैमानिक. नायक पुणेरी शुद्ध बोलणार आणि त्याचा वैरी, काळ्या हेल्मेटचा वैमानिक, आमच्याकडचं बोलणार. का, तर वैरी गावरान बोलला की प्रेक्षक हसतात. खरं सांगतो, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुंबईचं काम दारात आलं होतं, मी कशाला नाक मुरडतोय?

वैऱ्यासाठी मी मामांना धरून आणलं. त्यांनी खुर्चीवर बसून आधी चौकशी सुरू केली.

"ह्यो लढतोय कशापायी?"

मी गोष्ट सांगितली. हा आणि नायक एकाच शाळेत शिकलेले, एका ताटात जेवलेले. पुढे नायकाच्या फौजेने चुकून याचं गावच जाळलं. तेव्हापासून हा नायकाच्या मागावर आहे. शेवटच्या भागात नायक त्याच्या नेमात सापडतो, पण त्याच क्षणी माणसांनी भरलेल्या एका अंतराळ-वस्तीची भिंत फुटते. हा नेम सोडून वळतो, आपलं यंत्र त्या भगदाडात घालतो आणि तिथेच मरतो.

मामा ओसरीवर बसावं तसे ऐकत होते. "त्याच्या गावात काय पिकायचं?"

"मामा, ते अंतराळ आहे. तिथं काही पिकत नाही."

"मंग खात काय व्हते?"

डबिंगमध्ये सगळ्यात अवघड काम म्हणजे पात्राच्या ओठांशी आपले शब्द जुळवणं. मामांचं बोलणं संथ, त्यामुळे मला धाकधूक होती. पण या वैमानिकाचं तोंड नेमकं हेल्मेटने झाकलेलं. मामा पडद्याकडे बघून खूश झाले. "ह्याचं तोंडच दिसंना. मंग घाई कुणाला हाय?" आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! एकेका वाक्याला आम्ही दोन-दोन कप चहा घालवला.

पहिले भाग त्यांनी कागदावर होते तसे केले. यंत्राला धक्का बसला की "अगागागा", नेम चुकला की "आरं तिच्या मारी". मी हसायचो, कंपनीच्या मुंबईच्या मॅडम फोनवर हसायच्या. मामा मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले होते आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. मला आजही त्याची लाज वाटते.

मग शेवटचा भाग आला. वैमानिक मरताना म्हणणार होता, "मेलो, मेलो! आता माझ्या भाकरीचं काय व्हईल?"

मामांनी वाचलं. कागदाची घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "ह्ये मी न्हाय बोलणार."

मी हातापाया पडलो. हातचं काम जाईल म्हणालो.  मामा म्हणाले, "तरण्यापणी रेडिओच्या निवेदकाच्या परीक्षेला गेल्तो. म्या दोन वाक्यं वाचली आन् समोरचे तिघं बी हसाय लागले. आवाज झ्याक हाय म्हनले, भाषा सुधारा. तवा त्यांच्यासंगं मी बी हसलो. आता साठी आली, आपरेटर. आता न्हाय हसायचा."

आजवर त्यांनी दुसऱ्यांच्या साड्या पुकारल्या होत्या, दुसऱ्यांची माणसं पुकारली होती. आपल्या बोलीत एक वाक्य बोलावं आणि कुणी हसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. एवढंच, आणि तेही साठ वर्षं मिळालं नव्हतं.

मी मॅडमना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मामांचं म्हणणं सांगितलं. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "काका, तुमचं बरोबर आहे, पण हे पात्र विनोदी ठरलंय. ग्रामीण भाषेत लोकांना मजा येते."

मामा म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं माणूस मरताना बी असंच बोलतो."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.  मग त्या म्हणाल्या, "मग तो काय म्हणेल, काका?"

मामांनी रुमाल मांडीवर ठेवला. नायक विचारतो, तू मला का सोडलंस? त्याचं उत्तर त्यांनी तिथेच, फोनवर दिलं. "हारलो न्हाय रं मी. थांबलो." झालं. ना कण्हणं, ना ओरडणं. पुढच्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन तेवढं चालू होतं.

मॅडम म्हणाल्या, "हेच पाठवा." आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन आला. मागच्या सगळ्या भागांतले वैऱ्याचे संवाद नव्याने करायचे होते, मामा म्हणतील तसे. आम्ही महिनाभर ते केलं. त्या महिन्यात मामांनी मला सेलची एकही जाहिरात करू दिली नाही, आणि गावातला कापडबाजार माझ्यावर रुसला.

मालिका आली आणि नायकाला कुणी विचारीना. रिक्षावाले मामांना वाट देऊ लागले. कॉलेजची मुलं झेरॉक्सला म्हणून यायची आणि आत डोकवायची. पुढच्या मालिकेत कंपनीने नायकच आमच्या बोलीत करायचं ठरवलं आणि मामांना मुंबईला बोलावून घेतलं. आता ते तिकडेच असतात. माझ्या जाहिराती एक चटपटीत तरुण बोलतो. दोन मिनिटांत मयत उरकतो.

जाण्याआधी भूम तालुक्यातल्या त्यांच्या गावी आम्ही तो शेवटचा भाग दाखवला. रविवारी दुपारी, बुद्धविहाराच्या खिडक्यांना सतरंज्या लावून. लग्नात लावतो तो प्रोजेक्टर माझाच. मामा भिंतीला टेकून उभे होते. मुंबई हसली नाही ठीक, पण गाव आपल्या माणसाला हसायला मोकळं असतं. मी त्यांच्याकडे बघत होतो, ते माणसांकडे.

भगदाड बुजलं. ते वाक्य आलं. कुणी हसलं नाही. मागे कुणीतरी नाक ओढलं. पडद्यावर मामांचं नाव आलं तेव्हा सगळी माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या थांबेचनात. मामांनी रुमालाने तोंड पुसलं, मग डोळे, मग पुन्हा तोंड.

पुढे बसलेली एक म्हातारी तेवढी उठली नव्हती. टाळ्या ओसरल्यावर तिने विचारलं, "त्याच्या आईला कळवलं का कुणी?"

मामा वाकून म्हणाले, "मावशे, त्यो मीच की गं. म्याच बोललोय."

"तू गप. तू जित्ता हायेस," म्हातारी म्हणाली. "त्याच्या आईला कळवलं का, ते सांग."

मामा तिच्याशेजारी खाली बसले. तिचा हात त्यांनी हातात घेतला. "व्हय मावशे," ते म्हणाले, "मी सोता जाऊन सांगितलं."