धाब्यावर वाळवलेलं पुस्तक

आमच्या गावच्या मराठी शाळेत पुस्तकांचं एक सागवानी कपाट होतं. गाव धुळ्याहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मास्तर कपाट उघडत आणि वाचता येणाऱ्या पोरांना एकेक पुस्तक घरी नेऊ देत. नेणारा एक, पण ऐकणारी अख्खी गल्ली, बरं का. माझा थोरला भाऊ संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचा आणि माय आत भाकरी थापता थापता ऐकायची. समोरचे म्हातारे आबा गोष्टीतल्या सावत्र आईवर इतके चिडत, की उद्यापासून ती बाई नीट वागली पाहिजे, असा भावालाच दम भरत. मी लहान. आमच्यात मुलींना शाळेत घालायची रीत नव्हती.

मग गाठीचा ताप आला, प्लेग. सगळं गाव घरं सोडून शिवारात झोपड्या बांधून राहिलं. भावाला तिथेच ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. लोक इतके भ्यालेले, की खांदा द्यायला चार माणसं जमेनात. वडील आणि मामा दोघांनीच त्याला नेलं. ते तरी कुणाला बोल लावणार?

त्याच्या उशाशी शाळेचं पुस्तक होतं. वडील म्हणाले, त्याच्या अंथरुणाबरोबर जाळून टाका. माय पुस्तक घट्ट धरून बसली. "शायानी चीज शे ती. शायामाच जाई."

साथ ओसरली, गाव परत आलं, तेव्हा ती स्वतः पुस्तक घेऊन शाळेत गेली. मास्तरांनी हात पुढे केला नाही. बाकीच्या लेकरांची काळजी होती त्यांना. पण नको असंही त्यांना म्हणवेना. शेवटी त्यांनी ते तिलाच शाळेच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, उघडून ठेवायला सांगितलं. आपण ज्वारीचे बिबडे वाळत घालतो ना, तसं ते पुस्तक उन्हाळाभर पानांवर दगड ठेवून उन्हात पडलं होतं. वाळून पापड झालं, तेव्हा मास्तरांनी ते कपाटात लावलं.

कुणी नेईना. पोरं त्याला 'मेलेल्याचं पुस्तक' म्हणत. मास्तरांनी सगळ्यांदेखत ते स्वतःच्या घरी नेलं आणि वाचून परत आणलं, तरी नाही. माय दर शनिवारी शाळेच्या वाटेवर उभी राहून पोरांना विचारायची, आज नेलं का कुणी? शेवटच्या दिवशी तिच्या लेकाला कुणी शिवलं नाही, आणि आता त्याच्या हातच्या पुस्तकालाही कुणी शिवत नव्हतं. हे तिला सोसेना.

एके दिवशी तिने वडिलांना सांगितलं, पोरीला शाळेत घाला. शेजारणी हसल्या. आता मामलेदारीण होणार म्हणे ही. वडिलांनी मात्र दुसऱ्या दिवशी माझा हात धरून मला शाळेत नेऊन बसवलं.

माझं लग्न होईपर्यंत दोन यत्ता झाल्या, तेवढीच माझी शाळा. पुढचं सगळं पुड्यांचे कागद वाचून शिकले. पण अक्षराला अक्षर जोडता यायला लागलं, त्या शनिवारी मी कपाटातून ते पुस्तक मागितलं. मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी ते पदराने पुसावं तसं उपरण्याने पुसून दिलं.

संध्याकाळी चुलीपाशी मी वाचायला बसले. अडखळत, बोट ठेवून. माय जवळ सरकून ऐकत होती. पुढचा शब्द कधी कधी तीच आधी सांगायची, सगळं ऐकलेलंच होतं तिने. बऱ्याच संध्याकाळी असं चाललं. मलाही गोडी लागली. गोष्टीतली राजकन्या नदीकाठी पोचली, नावाडी यायचा होता. मी पान उलटायला गेले, तर तिने पानावर हात ठेवला.

"बस व माय. त्यानी आठलोंगच वाचेल शे."

भाऊ इथवरच वाचून गेला, म्हणत होती ती. मी म्हटलं, पुढं काय झालं ते तरी बघू. तिने नाही म्हणून मान हलवली आणि पीठ मळायला घेतलं.

शनिवारी मी पुस्तक परत दिलं. वाचून झालं का, असं मास्तरांनी विचारलं. नाही, पण मायने परत द्यायला सांगितलंय, असं मी म्हणाले. त्यांनी ते परत कपाटात लावलं.