काविळीची माळ आणि गाळलेला डॉक्टर

काविळीच्या माळेची गोष्ट मी निदान दोनशे वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी माळ थोडी लांब झाली.

साक्षगंध असो की बारसं, पंगत उठली की कोणीतरी म्हणायचंच, "माळ होऊन जाऊ द्या." आग्रह दुसऱ्यांदा व्हायची वाट मी कधी पाहिली नाही. सीताबर्डीला साड्यांच्या दुकानात माझी हयात गेली आहे. गिऱ्हाइकासमोर पदर स्वतःच्या खांद्यावर घेऊन लाजून दाखवणं हे माझं रोजचं काम. अशा माणसाला लाज नावाची वस्तू उरत नाही. मी खिशातला रुमाल काढायचो, त्याची वळकटी करून डोक्यावर कडं ठेवायचो आणि डोळे मोठे करायचो.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मला कावीळ झाली. इतका पिवळा पडलो, की एका हळदीच्या कार्यक्रमात बायकांनी मला हळद लावायचं सोडून दिलं. म्हणाल्या, याला आधीच कोणीतरी लावून गेलं आहे. मग आईनं मला एका खेड्यातल्या काविळीच्या वैद्याकडे नेलं. त्यानं कसल्याशा झाडाच्या बारीक काड्या दोऱ्यात बांधून बांगडीएवढी माळ केली आणि माझ्या टाळूवर ठेवली. आणि माळ वाढू लागली. इथे मी रुमाल टाकून कोणाची तरी ओढणी मागायचो, कारण माळ आता गळ्यात आली होती. पाचव्या दिवशी ती पोटावर, तेव्हा मी साडी मागायचो आणि कमरेला हलकासा झोका द्यायचो. सातव्या दिवशी माळ पायातून निघाली आणि कावीळ तिच्याबरोबर गेली. "डॉक्टर नाही, सुई नाही, गोळी नाही," असं म्हणून मी साडीच्या वेढ्यातून पाय बाहेर काढायचो. टाळ्या तिथे पडायच्या.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, आमचे जवाईबापू. मिहानमधल्या एका कारखान्यात ते विमानाच्या सुट्या भागांची मापं तपासायचे. केसाएवढा फरक असला तरी भाग परत पाठवायचा, हे त्यांचं काम. माझी गोष्टही ते तसेच तपासायचे.

"साळेबुवा, मागच्या लग्नात पाचव्या दिवशी माळ गुडघ्यावर होती. आज पोटावर काहून अडकली?"

"तेव्हा पोट इतकं आडवं आलं नव्हतं जी."

लोक आणखी हसायचे. खरं सांगायचं तर मी त्यांच्या टोकण्याची वाट पाहायचो. ते ज्या समारंभाला नसत तिथे गोष्ट अळणी व्हायची.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले.

नंदनवनमधल्या त्यांच्या घरी मी पोहोचलो तेव्हा शेजारपाजारची सात-आठ माणसं बैठकीत जमली होती. जवाईबापू दिवाणावर लोडाला टेकून बसले होते. मी दारात पाऊल टाकताच कोणीतरी म्हणालं, "घ्या, माळवाले आले." सगळे हसले, तेही हसले. मग त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"मी म्हणत होतो, उद्या आधी रक्त तपासून घेतो," ते म्हणाले. "पण साळेबुवा, एक सांगा. गोष्ट बाजूला ठेवून सांगा. तुम्ही तेव्हा डॉक्टरकडे गेले होते का नाही?"

गेलो होतो. वैद्याच्या आधी चार दिवस आई मला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. त्यांनी रक्त तपासलं होतं. ही घाण पाण्यातून येणारी कावीळ आहे, उकळलेलं पाणी द्या, झोपून राहू द्या, तीनेक आठवड्यांत आपोआप जाईल, असं सांगितलं होतं. माळ आईनं नंतर स्वतःच्या समाधानासाठी घातली. आणि कावीळ सातव्या दिवशी गेलीच नव्हती. ती डॉक्टरांनी सांगितलं तेवढीच राहिली. पहिल्या दोन-तीन वेळा मी डॉक्टरांना गोष्टीत ठेवलं होतं, पण ते गोष्टीत नुसते बसून राहायचे, लोक जांभया द्यायचे. म्हणून मी त्यांना गाळलं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे माहीत असणारा मी एकटा उरलो होतो.

बैठकीतले सगळे माझ्याकडे पाहत होते.

"कोणता डॉक्टर जी?" मी म्हणालो आणि खिशातला रुमाल काढला.

हशा झाला. रक्त तपासायचं राहून गेलं, तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना त्याच खेड्यात घेऊन गेलो. जुना वैद्य वारला होता, त्याचा मुलगा होता. त्यानं माळ बांधली आणि जवाईबापूंच्या टाळूवर ठेवली.

मग जे झालं ते आम्हा सगळ्यांना फार आवडलं, हे लिहायला हवं. बहीण रोज सकाळी घरच्या ग्रुपवर फोटो टाकायची आणि मी क्रिकेटची कॉमेंटरी केल्यासारखं लिहायचो. कान ओलांडले. खांद्यावर जोरदार मुसंडी. जवाईबापूंनी तर मोजपट्टी काढली. रोज सकाळी माळेचा घेर मोजून ते कॅलेंडरवर त्या त्या तारखेखाली आकडा लिहायचे. जन्मभर मोजत आलेला माणूस. पण काय मोजायचं ते या वेळी मी ठरवून दिलं होतं. पाचव्याच दिवशी माळ पायातून निघाली. "साळेबुवा, तुमचा रेकॉर्ड तुटला," त्यांनी फोनवर सांगितलं. आवाज बारीक होता. उपाशीपोटी आहेत, असं मी समजलो.

डोळे पिवळेच होते. वैद्य म्हणाला, कावीळ मोठी आहे, तीन माळा लागतील. दुसरी घातली. मग तिसरी. पायावर सूज आली, ती पथ्याची समजली. पोट फुगलं, ते वैद्यानं पथ्याला सांगितलेल्या फुटाण्यांचं समजलं. फोटो यायचे तेव्हा आम्ही सगळे माळ कुठवर आली ते पाहायचो. तिच्या वर चेहरा होता.

एका सकाळी बहिणीचा फोन आला.

"दादा, तू ये बरं. हे मोजपट्टी उलटी धरून राहिले. मले विचारून राहिले, एकोणीसनंतर काय येते म्हणून."

त्या दिवशी रक्त तपासलं.

दवाखान्यातल्या यकृताच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना सावकाश समजावून सांगितलं. बी प्रकारचा विषाणू जवाईबापूंच्या रक्तात कित्येक वर्षं गुपचूप होता. आता तो उसळला होता. यकृत काम सोडत होतं, म्हणून अंगातलं विष मेंदूपर्यंत जात होतं, म्हणून एकोणीसनंतरचा आकडा सापडत नव्हता. विषाणूवर गोळ्या आहेत, त्या लगेच सुरू केल्या. पण गोळ्यांना वेळ लागतो आणि यकृताजवळ तो उरला नव्हता. आता दुसरं यकृत बसवणं, एवढाच रस्ता. बहिणीचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला, पण माझ्या यकृतावर इतकी चरबी निघाली की त्याचा तुकडा देता येईना. आयुष्यभर पंगतीत शेवटपर्यंत बसलो होतो, त्याचं हे. मेंदू मृत झालेल्या कोणाचं यकृत मिळालं तर, म्हणून त्यांचं नाव यादीत गेलं.

"पहिल्याच आठवड्यात आलो असतो तर?" मी विचारलं.

"कदाचित," त्या म्हणाल्या. "नक्की सांगता येत नाही. तेच शोधून राहिलो आम्ही."

ते शोधणारी मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. शिकाऊ डॉक्टर, हातात फॉर्मचा गठ्ठा. यकृताचे रुग्ण दवाखान्यात उशिरा का पोहोचतात, यावर त्यांचा अभ्यास चालू होता. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बहीण आणि मी, आणि समोर स्टूल ओढून ती.

डोळे पिवळे कधी दिसले. पहिली रक्ततपासणी कधी. मधे किती दिवस. बहीण उत्तरं देत होती. कॅलेंडर तिला पाठ झालं होतं.

"मधे काय उपचार केले?"

"माळ," बहीण म्हणाली. "तीन. उतरल्या होत्या वं तिन्ही. पायापर्यंत उतरल्या."

मुलगी लिहिता लिहिता थांबली. "काकू, त्या काड्या ओल्या असतात," ती हळूच म्हणाली. "वाळल्या की आकसतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो. डोक्यावर ठेवा नाहीतर खुंटीवर टांगा. माळ वाढतेच."

मुलीनं पुढचा प्रश्न वाचला. "सल्ला कोणी दिला? शेजारी, नातेवाईक, इतर?"

"नातेवाईक," मी म्हणालो.

तिनं खूण केली. फॉर्मला तेवढं पुरेसं होतं, ती पान उलटत होती. मी पुढे बोललो, कारण जवाईबापूंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहिलं होतं आणि ज्याला द्यायचं तो काचेपलीकडे डोळे मिटून पडला होता. मी डॉक्टरांचं सांगितलं. रक्त तपासलं होतं ते सांगितलं, तीन आठवडे लागले ते सांगितलं, बैठकीत काय विचारलं गेलं आणि मी काय म्हणालो तेही. हात मांडीखाली दाबून धरले होते, नाहीतर ते रुमालाकडे गेले असते. माझ्या आयुष्यात मी इतकी वाईट गोष्ट सांगितलेली नाही. पाच-सहा वाक्यांत संपली.

फॉर्मवर त्यासाठी चौकट नव्हती. मुलीनं समासात बारीक अक्षरात लिहून घेतलं.

"काहून?" बहिणीनं विचारलं.

मी समासातलं बारीक अक्षर वाचत राहिलो.

"काहून गाळलं डॉक्टरले?"

"त्याच्यावर हशा येत नव्हता," मी म्हणालो.

ती उठली, डब्याची पिशवी उचलली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. यादीतून फोन यायच्या आधी जवाईबापूंच्या रक्तात संसर्ग आला, मग नाव यादीतून काढलं. त्या दुपारपासून आठव्या दिवशी सगळं संपलं. आठही दिवस ती समोरच्याच बाकावर बसली.

अजूनही ती माझ्याशी बोलत नाही. पण फोन येतो. महिना-दोन महिन्यांनी, कधी दुकानात भर गर्दीच्या वेळी, तिचं नाव झळकतं. नंदनवनात कोणाचे तरी डोळे पिवळे झालेले असतात. माझी कावीळ आणि त्यांची कावीळ, दोन्ही तिला सांगता येतील. पण ती सांगत नाही. "सांग यांले," एवढंच म्हणते आणि फोन त्या माणसाच्या हातात देते.

मी खांद्यावरची साडी खाली ठेवतो आणि सांगतो. आधी डॉक्टर, मग माळ, मग आमचे जवाईबापू. पलीकडचा माणूस "बरं, जातो आजच" म्हणतो. मग फोन परत तिच्या हातात गेल्याचा आवाज येतो. तिचा श्वास ऐकू येतो. मी थांबून राहतो.

ती फोन ठेवते.