ऊन पाण्याचा रकाना

हैबतीनं मुंबईच्या गिरणीत चौदा वर्षं बॉयलर सांभाळला. छातीत धूर बसला, तेव्हा तो महाडखाली, सावित्रीच्या खाडीकाठच्या आपल्या वाडीत परतला. लिहिणं जेमतेम, पण आकडे पक्के आणि काट्यावरची नजर त्याहून पक्की. म्हणून १९३४ साली प्राध्यापक रिसबूड वाडीजवळचं ऊन पाण्याचं कुंड अभ्यासायला आले, तेव्हा त्यांनी त्यालाच हाताशी धरलं.

"सरकारनं युनिव्हर्सिटीला संशोधनासाठी वर्षाची ग्रँट दिलीय," ते म्हणाले. "रोज दोनदा पाण्याची उष्णता मोजायची नि वहीत लिहायची."

"आन् ह्याचा सरकारला उपेग काय?"

"ते अजून मलाही ठाऊक नाही."

हैबतीला हे उत्तर फार आवडलं. ठाऊक नाही असं कबूल करणारा शिकलेला माणूस तो पहिल्यांदाच पाहत होता.

"आवो, पानी ऊन हाय ते हात घातला की कळतंय," त्याची बायको शकू म्हणायची. "रोज काय बघायचं त्यात?"

उष्णता खरंच हलत नव्हती. पाणी मात्र कधी चार बोटं वर, कधी खाली. तेही पाऊस नसताना. हैबतीला चैन पडेना. त्यानं काठच्या दगडावर कोयत्यानं खुणा केल्या. दोन महिन्यांत उलगडलं: खाडीला भरती आली की थोड्या वेळानं कुंडही चढतं. कुणी न सांगता त्यानं वहीत नवा रकाना पाडला.

वर्षअखेरीस रिसबूड उतरल्या चेहऱ्यानं आले. पुढच्या ग्रँटसाठी इतर प्रांतांतल्या युनिव्हर्सिट्याही पुढे सरसावल्या होत्या. "आणि आपण काय दाखवणार? उष्णता बदलत नाही, एवढंच?"

हैबतीनं वही पुढे केली. "साहेब, ह्ये आगाऊपणानं लिवलंय. चुकलं आसल तं खोडा."

रिसबूड वाचत गेले, मग तडक कुंडाकाठी जाऊन बसले. "हैबतराव, भरती कधी?"

"आलीच हाय. जरा थांबा."

दोघं दगडावरच्या खुणांवर नजर लावून बसले. पाणी हळूहळू वरच्या खुणेला टेकलं आणि रिसबुडांनी हैबतीचा हात घट्ट धरला.

त्या रकान्याच्या बळावर ग्रँट आणखी तीन वर्षांसाठी मंजूर झाली. रिसबुडांच्या छापील निबंधात हैबतीचं नाव आलं. शकूनं तो कागद शेजारणींना दाखवला. हैबतीचं लक्ष भलतीकडेच होतं.

"साहेब, खाडीसंगं चढतं, मग पानी खारं का नाय?"

 मग खारं पाणी कुठवर शिरतं ते शोधायला दोघं वाडीतल्या विहिरींचं पाणी चाखत निघाले.